भैरोबानं टाकलेलं कवच

"मास्तर, फळा सरकवा. देवाला दिसंना झालंय."

कस्तुराबाईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत माझी बदली झाली, तेव्हा तिथं शाळेला इमारत नव्हती. भैरोबाच्या देवळाचा मंडप हीच शाळा. पहिल्या दिवशी उजेड बघून मी फळा एका खांबाला टेकवला, तो नेमका गाभाऱ्याच्या दारासमोर आला. मागून आवाज आला म्हणून वळलो, तर एक ठेंगणी बाई घागर कमरेवर घेऊन उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मेणावर घट्ट बसवलेलं. तेव्हाच्या बायका कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू दाबत, म्हणजे दिवसभर कामात हलायचं नाही.

"देवाला काय बघायचं असतं?" मी विचारलं.

"समोरचा डोंगूर. जल्मापास्नं त्योच बघतोय. तुमच्या बाराखडीत त्येला काय गोडी?"

मुलं हसली. मी फळा सरकवला आणि पुढची सगळी वर्षं तो भिंतीलाच राहिला.

कस्तुराबाई गुरवाच्या घरच्या. नवरा कोंडाजी गुरव, भैरोबाचा पुजारी. उंच, बोलघेवडा, थट्टेखोर माणूस. शाळा चालू असताना गाभाऱ्यातून डोकं बाहेर काढून म्हणायचा, "मास्तर, तुमी बी पोरांम्होरं घसा फोडता, मी बी देवाम्होरं घसा फोडतो. ऐकतंय कोन?" कस्तुराबाई आतून ओरडायच्या, "देव तरी गप बसून ऐकतो. पोरं तेबी न्हाईत." त्यांना मूलबाळ नव्हतं. मंडपातली पोरं हीच त्यांची पोरं, आणि त्यांची नाकं पुसण्याचं काम शाळेनं त्यांच्याकडे न विचारताच सोपवलं होतं.

गुरवाच्या कामांत रविवारचं मोठं काम म्हणजे देवाला शेंदूर लावणं. शेंदूर तेलात मळायचा आणि तळहातानं मूर्तीवर थापायचा. ज्याचा नवस फिटेल तो शेंदराची पुडी आणून देई. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून मूळचा दगड कधीच दिसेनासा झाला होता. असा थर फार जड झाला की एखाद्या दिवशी सुटून खाली येतो. देवानं कवच टाकलं, असं लोक म्हणतात. इतर गावांत ते कवच नेऊन नदीत सोडतात. ह्या वाडीची चाल वेगळी होती. जुन्या नवसांचं पुण्य वाया जाऊ नये म्हणून कवच गुरवानं कुटायचं, चाळायचं, नव्या शेंदरात मिसळायचं आणि चैत्रातल्या यात्रेला पुन्हा देवाच्या अंगावर चढवायचं.

चौतीस सालच्या माघात भैरोबानं कवच टाकलं. आत काळा, खडबडीत दगड निघाला. बायकांनी ओवाळलं, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. कोंडाजी देवळामागच्या ओवरीत खल घेऊन बसला. पूड वाऱ्यावर जाऊ नये म्हणून त्यानं दाराला घोंगडी लावली होती. जेवायला बाहेर यायचा तेव्हा पापण्यांपासून पायाच्या नखांपर्यंत लाल. पोरं ओरडायची, "मारुती आला, मारुती आला!" तो हुप्प करून त्यांच्या अंगावर धावायचा, मग पायरीवर बसून त्याच तळहातावर तंबाखू मळायचा.

"देवाच्या हातची तंबाखू हाय, मास्तर. घेता?"

मी तंबाखू खात नव्हतो.

शिमग्याच्या सुमाराला त्याचं पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. गुडघे छातीशी घेऊन तो ओवरीत लोळायचा. शौचाला होईना, अन्न नको वाटे, तोंड राखेसारखं झालं. कस्तुराबाईंनी ओवा दिला, हिंग दिला. उतार पडेना, तेव्हा त्यांनी घरात होतं ते सगळ्यांत मोठं औषध काढलं. कवचाची चिमूटभर पूड गुळाच्या गोळीत घालून रोज सकाळी अनशापोटी. देवाच्या अंगचं ते, त्याहून गुणकारी काय असणार? दुखणं वाढलं तशी त्यांनी चिमूट वाढवली.

मग हात गेले. आरतीचं तबक उचलताना कोंडाजीचे पंजे मनगटातून खाली लोंबले आणि तबक पायरीवर आपटलं. लोक हळहळले. पुढच्या रविवारी आरती म्हणताना तो मध्येच थांबला. जन्मभर म्हटलेली आरती, आणि पुढचं कडवं आठवेना. तो इकडेतिकडे बघत राहिला. कस्तुराबाईंनी आतून कडवं सांगितलं, तर त्यांच्यावरच खेकसला. त्या गृहस्थाला मी तोवर कुणावर खेकसताना ऐकलं नव्हतं.

आणि एका सकाळी, मुलं पाढे म्हणत असताना, तो गाभाऱ्यात गेला आणि किंचाळत बाहेर आला. "आत कोन बसलंय? काळं कोन बसलंय? माजा देव कुटं नेला?" त्यानं समईला लाथ मारली, देवाला आईवरून शिवी दिली, उंबऱ्यावर थुंकला आणि तिथंच कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. मी मुलांना घरी पाठवलं. पाट्या तशाच पडून राहिल्या.

दुपारी मंडपात गाव बसलं. वाडीचे पाटील रखमाजी म्हणजे कोंडाजीचे लहानपणचे सोबती. दोघं एका म्हशीच्या पाठीवर वाढलेले. त्यांचे डोळे लाल होते. घाटाखालचा अंबाजी देवरुषी बोलावला होता. त्यानं तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, देवाचं अर्धं कवच गुरवाच्या अंगात शिरलंय, उरलेलं अर्धं आत गेल्याशिवाय देव शांत होणार नाही. येत्या रविवारी, भर दुपारी, देवासमोर वाटीभर पूड पाण्यात कालवून त्याला पाजायची.

"वाटीभर?" मी म्हणालो.

"वाटीभर," रखमाजी पाटील म्हणाले. "मास्तर, माजा जीव तुटतो. पर समूर यात्रा हाय आन्‌ गुरव देवाला शिव्या देतोय. आमी काय बघत बसायचं?"

कस्तुराबाई खांबाआड बसून होत्या. त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं होतं. चिमटीनं भागत नाही म्हणजे वाटी लागणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांचा भाऊ नथू आला नसता तर त्या रविवारी काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. नथू रेल्वेत होता, खंडाळ्याच्या घाटातले लोखंडी पूल रंगवणाऱ्या टोळीत. दाजींना बघायला आला आणि आधी हातांकडेच बघत बसला.

"अक्का, ह्ये लोंबतं हात मी बघितल्यात. आमच्या टोळीतला एक रंगारी असाच झालता. पुलाला पयला लाल रंगाचा हात देतो ना आमी, त्येच्यात शेंदूरच असतो. डाक्तरनं त्येचं दात बघितलं आन्‌ रंगावरनं काढला."

"दात? दुकतंय पोट, आन्‌ दात कशाला?"

"मला काय ठावं? तू गाडी जुप."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत गवत घालून कोंडाजीला निजवलं. मीही सोबत गेलो. वाटेत तो बैलांना हात जोडून, "म्हाराज, चुकलो," म्हणत होता. कस्तुराबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि पदराच्या गाठीत त्या सकाळची गुळाची गोळी होती. दवाखान्यात शिरण्याआधी द्यावी म्हणून आणलेली. गाडी धक्के देत होती म्हणून ती द्यायची राहून गेली.

लोणावळ्याच्या बाजारात डॉ. त्र्यंबक गुप्त्यांचा दवाखाना होता. रेल्वेची पुष्कळ माणसं त्यांच्याकडे जात. त्यांनी कोंडाजीचा ओठ अंगठ्यानं वर केला आणि मला जवळ बोलावलं. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेनं, निळसर काळी रेघ होती. काजळाची काडी फिरवल्यासारखी.

"शिसं," ते म्हणाले. "हा माणूस काय काम करतो?"

मी सांगितलं. खल, घोंगडी, तंबाखू. डॉक्टर ऐकत गेले. "शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसंच. पण नुसत्या धुळीनं इतकं? पोटात काही जातंय का?"

कस्तुराबाईंनी पदराची गाठ सोडून गोळी त्यांच्यासमोर ठेवली. "ह्ये जातंय. म्या देते. रोज."

डॉक्टरांनी गोळी फोडून आतली लाल पूड पाहिली. मग त्यांनी नथूला अंडं आणायला पिटाळलं. नथू दारातून परत वळला. "सायेब, गुरवाला अंडं चालत न्हाई."

"खायला नकोय, बाबा. दाखवायला हवंय."

काचेच्या पेल्यात त्यांनी अंड्यातलं पांढरं तेवढं काढलं. स्वच्छ, चिकट पाण्यासारखं. मुरगळलेल्या पायावर पट्टी ठेवायला दवाखान्यात शिशाचं पाणी असे, त्याचे थेंब त्यात टाकले. पेल्यात एकदम पांढऱ्या गुठळ्या झाल्या. दूध नासावं तसं झालं.

"आपलं रक्त, मांस, मेंदू ह्यांत ह्याच जातीचे पदार्थ असतात, बाई. आम्ही प्रोटीन म्हणतो." आता पुस्तकांत त्याला प्रथिन म्हणतात, मी तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "शिसं त्याला धरून बसतं. डोक्याच्या आत पेल्यासारख्या गुठळ्या होतात असं मी म्हणत नाही. तिथं नेमकं काय होतं ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण धातू त्या नाजूक वस्तूत शिरला की तिचं काम बिघडतं. मग आरती आठवत नाही, बायको ओळखत नाही, फिट येते."

"देवाचा कोप न्हाई?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"देवाचं मला कळत नाही. शिशाचं कळतं. आता ह्यांच्या पोटात कणभरही जाता कामा नये. शौचासाठी हे मीठ पाण्यातून द्या. आणि दूध, जितकं मिळेल तितकं. आठवडाभरात फरक दिसेल, दिसला तर. पण आणखी शिसं गेलं तर पुढच्या फिटीतून हे उठणार नाहीत."

कस्तुराबाई त्या पेल्याकडे बघत होत्या. "म्या चिमूट वाढवली," एवढंच त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर खंडोबाच्या माळापाशी त्यांनी गोळी भिरकावली, मग गाडी थांबवायला लावली, खाली उतरून ती शोधून आणली आणि दगडानं खड्डा करून पुरली. "कुणाचं पोरगं उचलून खाईल," म्हणाल्या.

गावात मी पाटलांना शिसं समजावून सांगायचा प्रयत्न केला. शनिवारच्या संध्याकाळपर्यंत करत होतो. ते शांतपणे ऐकून घेत आणि तेच बोलत.

"देवाचा शेंदूर ईख म्हनता? मग देव इक्ती वर्सं ईख ल्याला?"

"देव दगडाचा आहे, पाटील. त्याला पोट नाही."

हे बोलायला नको होतं. पाटील उठून गेले. कस्तुराबाई माझ्यावर उखडल्या. "मास्तर, तुमी पोरं शिकवा. ह्ये मला बघू द्या."

रविवारी ऊन चढलं तसा मंडप भरला. कोंडाजीला पोत्यावर बसवून मागून दोघांनी धरलं होतं. त्याला दोनदा दूध पाजलं होतं, पण तो कुणालाच ओळखत नव्हता. अंबाजी देवरुषीनं तांब्याच्या वाटीत पूड घेतली, पाणी ओतलं, बोटानं ढवळलं. लाल पाणी वाटीच्या काठाला लागलं. नथू दात-ओठ खात दारात उभा होता. मला वाटलं, आता मारामारी होणार, आणि वाडी एका बाजूला असताना नथूचं काही चालणार नाही.

"थांबा," कस्तुराबाई म्हणाल्या. "कौल लावल्याबिगर पाजायचं न्हाई."

कौल म्हणजे देवाला विचारणं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौल लागला की उत्तर येईपर्यंत त्या कामाला कुणी हात लावायचा नाही, हा त्या देवळाचा कायदा. उत्तर आलंच नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा.

"कौल गुरव लावतो," अंबाजी म्हणाला.

"गुरव बसलाय पोत्यावर. घरात दुसरं कोन हाय?"

"बाईमानसानं?"

"आबा," त्या पाटलांकडे वळल्या, "देवानं कवच सोताच्या मनानं टाकलं. टाकलेलं त्येला परत हवंय का नगं, ह्ये आपुन इचारलं का? न इचारता कुटलं. आता न इचारता पाजताय. साप बी टाकलेली कात परत घालत न्हाई."

मंडपात कुजबुज झाली. पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "लाव," ते म्हणाले. "इचारल्यानं काय जातंय?"

कस्तुराबाई गाभाऱ्यात गेल्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. त्यांनी कळ्या लावल्या, बाजूला झाल्या आणि मोठ्यानं बोलल्या, "देवा, माज्या धन्याला ह्ये पाजायचं आसंल तर उजवी दे. नसंल तर डावी."

कळ्या काळ्या दगडावर बसून राहिल्या. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या होत्या. ऊन मंडपाच्या पहिल्या खांबावरून दुसऱ्यावर गेलं. एक बाळ रडलं, त्याच्या आईनं ते बाहेर नेलं. मी कस्तुराबाईंकडे बघत होतो. घामानं त्यांचं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं. एवढं मोठं, घट्ट बसणारं कुंकू आजच कसं ओघळलं, असं मनात आलं आणि गेलं.

अंबाजीचा धीर सुटला. त्यानं वाटी उचलली आणि कोंडाजीच्या ओठांना लावली.

"कौल लागलाय!" कस्तुराबाई अशा ओरडल्या की बाहेरचे कावळे उडाले. "ज्यानं हात लावला त्येच्या घरावर जाईल! आबा, बघताय काय?"

पाटील उठले. त्यांनी अंबाजीचं मनगट धरलं. दोघं तसेच उभे राहिले, वाटीतलं लाल पाणी हिंदकळून पोत्यावर सांडलं. कोंडाजी त्या डागाकडे बघत हसला. शेवटी पाटलांनी वाटी काढून घेतली आणि देवासमोर ठेवली. "देव बोलंस्तवर न्हाई," ते म्हणाले.

अंधार पडेपर्यंत देव बोलला नाही. लोक उठून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा, असं ठरलं.

तो आठवडा मी विसरणार नाही. गुरवाच्या घरी दुभतं नव्हतं. कस्तुराबाई दारोदार तांब्या घेऊन फिरल्या. कुणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. पाटलांच्या घरून मात्र रोज चरवी येत होती, मागच्या दारानं. मंगळवारी पुन्हा फिट आली, आणि आम्ही आशा सोडली. त्यानंतर आली नाही. गुरुवारी कोंडाजी गाढ झोपला. रविवारी सकाळी पाटील आले, तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. बराच वेळ त्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"रखम्या," तो म्हणाला, "म्हस कुटं हाय आपली?"

ती म्हैस मरून तीस वर्षं झाली असतील. पण नाव बरोबर होतं. पाटील मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग देवळात जाऊन देवासमोरची ती वाटी त्यांनी स्वतःच उचलून बाहेर नेली. पुन्हा कौल लावायचं कुणी नाव काढलं नाही. अंबाजी देवरुषी आपल्याच मंत्रानं गुण आला असं सांगत नारळ घेऊन घाट उतरला, आणि त्याच्याशी कुणी वादही घातला नाही.

नदीचं पाणी गुरं पितात म्हणून डॉक्टरांनी कवचाची पूड तिथं सोडू नका असं बजावलं होतं. देवळामागे खोल खड्डा घेऊन ती पुरली आणि वर धोंडा बसवला. त्या वर्षी भैरोबा यात्रेला काळाच बसला.

कळ्यांबद्दल मी पुढं कधीतरी विचारलं. कस्तुराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कपाळाला लावायचं मेण हुतं, मास्तर. तेवढंच देवाच्या खांद्याला लावलं. दुसरं घरात काय हुतं चिकटणारं?"

"आणि देव?"

"त्येला सांगितलं, आठ दिस गप ऱ्हा. ऱ्हायला बिचारा."

आता ह्या गोष्टीला बारा-चौदा वर्षं होऊन गेली. मी नोकरीतून मोकळा झालो, वाडीच्या शाळेला पत्र्याची इमारत मिळाली. कोंडाजीचे हात हळूहळू वर आले, तरी डावा पंजा अजून अशक्त आहे. आरतीच्या मधल्या कडव्यापाशी तो आजही थांबतो, आणि आतून कस्तुराबाई पुढचा शब्द सांगतात. आता तो खेकसत नाही. शेंदूर त्याच लावतात, तळहाताला फडकं गुंडाळून, आणि राखेनं हात घासल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही शिवत नाहीत. गोठ्यात त्यांनी दोन म्हशी ठेवल्या आहेत. घरचं दूध काढून ठेवलं की उरलेलं रोज सकाळी डोक्यावर घेऊन त्या लोणावळ्याला विकायला नेतात.